शिवणखोलीतली हरवलेली सुई

मास्तरांचा कोट हा त्या घरातला जुना वाद होता. पुतण्याला तो कधी दिसलाच नाही, कारण पुतण्याला घरातलं काहीच दिसत नसे. पण पुतणसुनेच्या डोळ्यांत तो रोज सलायचा. रंग उडालेला, कोपरांना ठिगळं लावलेली, आणि कॉलरची मागची बाजू तर बारीक भोकांनी पार चाळणी झालेली. “काका, याला कसर लागलीय,” ती म्हणायची. “एक दिवस माझ्याही कपड्यांना लागेल.” मास्तर कोटावरून ब्रश फिरवत म्हणायचे, “कसर नाही ती.” मग काय आहे, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवलेला माणूस स्वतःच्या कॉलरला साधं अस्तर का लावत नाही, हे कोडं सोडवायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. शहराबाहेर टेकडीच्या उतारावर सरकारी मनोरुग्णालय होतं, तिथल्या शिवणखोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. ‘मनोरुग्णालय’ हा शब्द फक्त फाटकावरच्या पाटीवर होता. बाकी सगळ्यांच्या तोंडी ते वेड्यांचं इस्पितळ, आणि मास्तर म्हणजे वेड्यांचा शिंपी. लग्नाचं कुणी काढलं की मुलीकडचे आधी नोकरी कुठे ते विचारत, मग चहा पिऊन निघून जात. असं दोनचारदा झालं आणि मास्तरांनी तो विषयच बंद केला. पुढे पुढे तर लोकांनी विचारायचं सोडलं याचं त्यांना बरंच वाटायला लागलं होतं. त्याचं कारणही शिवणखोलीतच होतं.

इस्पितळ म्हणजे एक गावच होतं. स्वतःची भट्टी, स्वतःचं धोबीघर, स्वतःची भाजीची शेती आणि या सगळ्याला वेढा घालणारी एक उंच भिंत. आतली माणसंच आतल्या माणसांसाठी राबायची. चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे करड्या रंगाचे अंगरखे, सगळं शिवणखोलीत व्हायचं. त्या जागेचं गुणगान करावं असं तिथे फारसं काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. लांबलचक वॉर्डांत खाटेला खाट लागलेली, दिवसरात्र कुणीतरी ओरडतंय, कुणीतरी रडतंय, आणि आत आलेलं माणूस बाहेर जाईल याची कुणालाच घाई नाही. पण शिवणखोलीला दक्षिणेची मोठी खिडकी होती, कोपऱ्यात शेगडी होती, आणि दार लावलं की वॉर्डातला आवाज ऐकू येत नसे. त्यामुळे तिथे काम मिळावं म्हणून बायका मोठ्या परिचारिकाबाईंच्या मागे लागायच्या.

या मोठ्या बाईंचा एक नियम होता आणि तो त्या डोळ्यांत तेल घालून पाळायच्या. शिवणखोलीत फळीवर बनातीची एक गादी ठोकलेली होती. सकाळी तिच्यातून सुया वाटायच्या, संध्याकाळी घंटेच्या आधी प्रत्येकीने आपली सुई परत तिथे टोचायची. एक जरी जागा रिकामी दिसली तरी दाराला कुलूप. सुई सापडेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, मास्तरांनीसुद्धा नाही. पूर्वी कधीतरी एका बाईने सुई वॉर्डात नेली होती आणि फार वाईट झालं होतं. म्हणून तो नियम. सापडली तर प्रश्न मिटला, नाही सापडली तर सगळ्यांची झडती आणि जिच्या हातची सुई तिचं शिवणखोलीत येणं कायमचं बंद.

बटणवाली तिथे आली तेव्हा तरुण होती. तिचा भाऊ तिला घेऊन आला होता. आई गेल्यापासून ही बोलत नाही, जेवत नाही, भिंतीकडे बघत बसते, असं त्याने सांगितलं. थोडे दिवस ठेवा म्हणाला, सही केली, पत्ता दिला आणि गेला तो गेलाच. पुढे त्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं तशीच परत आली. ती यंत्रावर बसायला तयार नव्हती, यंत्राच्या आवाजाला घाबरायची. मास्तरांनी तिच्यापुढे बटणांचा डबा ठेवला. तिने एक बटण उचललं, उजेडात धरून चारही भोकांतून पाहिलं आणि अंगरख्याला लावलं. टाके असे घट्ट, की अंगरखा फाटेल पण बटण सुटणार नाही. तेव्हापासून तिचं नाव बटणवाली पडलं. तिचं खरं नाव मास्तरांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी तोंडाने घेतलं नाही. एकटे असतानासुद्धा नाही.

ती रुळल्यावर एका संध्याकाळी सुई हरवली. गादीत एक जागा रिकामी. कुलूप लागलं, बायका जमिनीवर रांगायला लागल्या, चिंध्यांचं गाठोडं उपसून झालं, शेगडीतली राख चाळून झाली. सुई काही सापडेना. शेवटी मोठ्या बाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नाही म्हणून मास्तरांनी दाराजवळच्या खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, आणि त्यांच्या मानेला कचकन टोचलं.

त्यांनी वळून पाहिलं. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या, एकटी बटणवाली त्यांच्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, हसतही नव्हती. बघत होती, बस्स. खिडकीतून उन्हाची तिरीप तिच्या खुर्चीपर्यंत आली होती. आता घंटा झाली की तिने वॉर्डात जायचं, त्या ओरड्यात, त्या खाटेवर. मास्तरांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. नाकासमोर चालणारा माणूस तो, वरिष्ठांपुढे कधी ब्र न काढलेला. त्याने कोट काढला, परत खुंटीला अडकवला आणि म्हणाला, “इथे नाही. पुन्हा शोधू या.”

मग बराच वेळ शोधाशोध चालली. घाई संपली होती, त्यामुळे बायकाही निवांत झाल्या. कुणी टेबलाखाली बसून गाणं म्हणायला लागली, कुणी दुसरीच्या डोक्यातले दोरे काढत बसली. मास्तर खुर्च्या उलट्या करून बघत होते, पडदा झटकत होते, आणि बटणवाली हात मांडीवर ठेवून बसली होती. सगळ्यांना कंटाळा आल्यावर ती बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “टेबलाखाली बघितलंत का, मास्तर?”

मास्तर गुपचूप कोटाजवळ गेले, सुई मुठीत घेतली, टेबलाखाली शिरले आणि सापडली म्हणून बाहेर आले.

त्यानंतर त्या खोलीत सुया हरवायच्या. रोज नाही. रोज हरवली असती तर मोठ्या बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असती, आणि बटणवाली काही दुधखुळी नव्हती. पण आठवड्यात एखादी संध्याकाळ अशी यायची की गादीत जागा रिकामी दिसायची. मास्तर कोटाकडे ढुंकूनही न बघता शिवणखोली पालथी घालायचे, आणि पुरेसा वेळ झाला की खुर्चीतून आवाज यायचा, “टेबलाखाली बघितलंत का, मास्तर?” त्या दोघांचं संभाषण म्हणावं तर एवढंच. ज्या दिवशी सगळ्या सुया जागच्या जागी असत, त्या दिवशी मास्तर हिरमुसून घरी जायचे. वाटेत थांबून कॉलरवरून बोट फिरवून बघायचे, न जाणो, असली तर. वर्षं अशीच गेली. तिचे केस पिकले, त्यांचेही पिकले. आपल्याला काय वाटतं ते तिला सांगावं असं मास्तरांना अनेकदा वाटलं, पण ती कुलपाच्या आतली आणि किल्ली यांच्या खिशात. किल्ली खिशात असलेल्या माणसाने तसलं काही बोलू नये, असं त्यांचं मत होतं. ते मत बरोबरच होतं, पण म्हणून काही झोप लागत नसे.

मग सरकारचं मत बदललं. एवढाली इस्पितळं नकोत, माणसांना छोट्या छोट्या घरांत ठेवा, असं ठरलं. विचार चांगला होता, नाही असं नाही. सगळ्यात आधी बंद झाली शिवणखोली, कारण कपडे तयार मिळायला लागले होते. शेवटच्या संध्याकाळी मास्तरांनी मुद्दाम सुया सावकाश मोजल्या. सगळ्या होत्या. बटणवालीने तर आपली सुई सगळ्यांच्या आधी टोचून ठेवली होती. त्यांनी कोट अंगात घातला, मान इकडे हलवली, तिकडे हलवली. काही टोचलं नाही. ती खाली बघत दाराबाहेर गेली, आणि थोड्याच दिवसांत तिला कुठल्यातरी बसमध्ये बसवून कुठल्यातरी गावी नेलं. कुठे, ते मास्तरांना कुणी सांगितलं नाही. ते तिचे कोण होते?

त्या शेवटच्या संध्याकाळी सुई का हरवली नाही, हा प्रश्न मास्तरांनी घरी आणला तो कायमचा. रागावली होती का? की आता थांबायला खोलीच उरणार नाही, मग शोधायला लावून काय करायचं, असं तिला वाटलं? भाजी निवडताना, दाढी करताना, पुतणसून काहीतरी सांगत असताना मास्तर याच प्रश्नापाशी असायचे. “काका, तुमचं लक्ष कुठे असतं हो?” ती म्हणायची. लक्ष खुंटीवरच्या कोटाकडे असायचं.

एका सकाळी तिनेच पेपरातली बातमी वाचून दाखवली. जुन्या इस्पितळाचे सगळे केसपेपर सरकारी दप्तरखान्यात हलवले आहेत, रोग्यांच्या नातेवाइकांना ते बघता येतील. मास्तरांनी चहा अर्धा ठेवला आणि कोट घातला. तिला काहीतरी वेगळं जाणवलं असावं, कारण तिनेही पायांत चपला सरकवल्या. वाटेत मास्तरांनी तिला एवढंच सांगितलं, की शिवणखोलीत बटणं लावणारी एक बाई होती, भावाने आणून टाकलेली.

दप्तरखान्यातल्या बाई तरुण होत्या आणि वागायला चांगल्या होत्या. मागे छतापर्यंत रॅक, त्यांत दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे. त्यांनी अर्ज पुढे केला. मास्तरांनी रोग्याचं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव त्यांच्या हातून उमटलं आणि ते जरा वेळ त्याकडे बघतच बसले. पुढे रकाना होता, नातं.

“नातं काही नाही,” मास्तर म्हणाले. “मी तिथे शिवणखोलीत होतो. ती कुठे आहे एवढंच कळलं तरी पुरे. आहे की नाही, तेवढं तरी.”

“तेवढंही नाही सांगता येणार, आजोबा,” बाई म्हणाल्या. “या लोकांच्या आयुष्यात आधीच खूप जणांनी न विचारता डोकावलंय. आता निदान आम्ही तरी विचारून उघडतो. रक्ताचं नातं लागतं.”

मास्तरांना हे पटलं, हीच तर पंचाईत होती. बाई गठ्ठा ठेवायला आत गेल्या तशी पुतणसून कानाशी लागली. “भाऊ लिहा की. तिचा भाऊ होताच ना? कोण बघायला येतंय? एक सही करायची नि मोकळं व्हायचं.”

मास्तरांनी पेन उचललं. सोपं होतं. एका शब्दावर घोडं अडलं होतं, आणि तो लिहिला की तिचा पत्ता हातात. त्यांनी पेन रकान्यापर्यंत नेलं आणि परत खाली ठेवलं.

“भाऊ तिला तिथे टाकून गेला,” ते म्हणाले. “त्याचं नाव मी नाही लावून घेणार.”

हे कारण खरं होतं. पण दुसरंही एक होतं, आणि ते पुतणसुनेला आत्ता, त्या टेबलापाशी, त्यांच्या लाल झालेल्या कानांकडे बघून कळलं. जन्मभर या माणसाने तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि आता म्हातारपणी आपण त्याला स्वतःच्या हाताने लिहायला लावत होतो, की तो तिचा भाऊ आहे. तिची तिलाच लाज वाटली. तिने अर्ज ओढून घेतला आणि बाई परत आल्यावर त्यांच्या खनपटीलाच बसली. दुसरा काहीतरी रस्ता असेलच, नियम काय एकच असतो का?

रस्ता होता. माणूस हयात असेल तर त्याची स्वतःची संमती चालते. बाई पत्र पाठवणार, तिकडून होकार आला तर पत्ता देणार. काहीच आलं नाही तर, बाई म्हणाल्या, ते उत्तर समजायचं. नात्याच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं, ‘शिवणखोलीतला मास्तर’.

मग वाट बघणं. मास्तरांना वाट बघण्याची सवय होती, पण ती कशाचीच नसलेली वाट होती. ही खरी होती आणि तिने त्यांचा जीव टांगणीला लावला. उत्तर आलं नाही म्हणजे ती गेली असेल. की असेल आणि नको म्हणाली असेल. यातलं आपल्याला जास्त काय लागेल हे त्यांना ठरवता येईना. जेवण कमी झालं. पुतणसूनही कोटावरून बोलायची बंद झाली, उलट एकदा तिनेच तो उन्हात घातला.

दप्तरखान्यातून बोलावणं आलं तेव्हा बाईंनी पत्र पुढे केलं. सहीच्या जागी कागदावर एक बटण शिवलेलं होतं. चार भोकांचं, पांढरं, घट्ट. खाली तिथल्या व्यवस्थापकाने लिहिलं होतं, की पत्र आजींना वाचून दाखवलं, त्या बोलल्या नाहीत, त्यांनी कागद ओढून घेतला आणि हे केलं. आजी टॉवेलला, पडद्याला, कशालाही बटणं लावतात, तेव्हा याला होकार धरायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

“मी होकार धरलाय,” बाई म्हणाल्या, आणि केसपेपरही त्यांच्यापुढे ठेवला. एवढं आयुष्य आणि एवढासा गठ्ठा. पानामागून पान तेच. बोलत नाही. शिवणकाम करते. बदल नाही. बदल नाही. मास्तरांनी तीनचार पानं उलटली आणि दोरा परत बांधला. त्यात ती कुठेच नव्हती. त्यांनी फक्त पत्ता घेतला.

दिवस कडक उन्हाचे होते, तरी मास्तर कोट घालूनच बसमध्ये चढले. पुतणसून शेजारी बसून रुमालाने स्वतःला वारा घालत राहिली, पण कोटाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

ते घर साधं होतं, एका गल्लीच्या टोकाला, दारात कुंड्या. तिथली सेविका त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी खुर्चीत एक म्हातारी बसली होती, मांडीवर डबा. मास्तरांनी तिला हातांवरून ओळखलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, जसं कुणाकडेही बघावं तसं, आणि नजर परत डब्यात घातली.

मास्तरांनी कोट काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि समोर बसले. त्यांनी तिला शेगडीची आठवण सांगितली, खिडकीची सांगितली, ती गाणारी बाई आठवते का विचारलं. ती एका टॉवेलला बटण लावत राहिली. मध्येच उठली, भिंतीला धरून दारापर्यंत गेली, खुंटीपाशी जरा थांबली आणि परत येऊन बसली. मास्तर बोलायचे थांबले. एवढ्या उशिरा येऊन ओळखीची अपेक्षा धरणं हाच आगाऊपणा, असं त्यांनी मनाला बजावलं. मन ऐकेना, ते आतून तुटत होतं.

भेटीची वेळ संपली. सेविका दारात आली, पुतणसुनेने पिशवी उचलली. मास्तरांनी खुंटीवरचा कोट काढून खांद्यावर घेतला आणि त्यांच्या मानेला टोचलं.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सेविका कळवळली. “टोचली ना? अहो, सांगायचंच राहून गेलं. आजींची खोडच आहे ती. कुणाचाही कोट दिसला की कॉलरमध्ये सुई खोचून ठेवतात. डॉक्टरांच्या, नळवाल्याच्या, कुणाला म्हणून सोडत नाहीत.”

“कुणाच्याही?” मास्तरांनी विचारलं.

“कुणाच्याही. आल्या तेव्हापासून हेच. आणि मग बघत बसतात. समोरचा ओरडतो, नाहीतर सुई काढून परत देतो. दिली की यांनी तोंड फिरवलंच म्हणून समजा. मग जेवणसुद्धा नको.” तिने हात पुढे केला. “द्या इकडे, मी ठेवते.”

मास्तरांनी सुई दिली नाही. त्यांनी वळून पाहिलं. बटणवाली हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. इतकी वर्षं ती येणाऱ्या प्रत्येक कोटाला विचारत होती, आणि प्रत्येक कोट उत्तर चुकत होता.

त्यांनी कोट उतरवला आणि सुईसकट परत खुंटीला अडकवला.

“इथे नाही,” ते म्हणाले. “पुन्हा शोधू या.”

सेविका बघतच राहिली. मास्तरांनी पडदा झटकला. उशी उचलून पाहिली. खुर्ची उलटी केली. कपाटाच्या मागे हात घातला आणि धुळीने शिंकले. “काका, बस जाईल,” पुतणसून म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनेही पिशवी खाली ठेवली, जमिनीवर बसली आणि कोपरे चाचपायला लागली. काय शोधायचं हे तिला नीट कळलेलं नव्हतं, पण कॉलरची ती भोकं कशाची ते आता कळलं होतं.

खिडकीतलं ऊन खुर्चीपर्यंत आलं. मग खुर्चीतून आवाज आला, खरखरीत, न वापरलेला.

“टेबलाखाली बघितलंत का, मास्तर?”

मास्तर गुडघ्यांवर होते.

“बघतो,” ते म्हणाले. “सगळीकडे बघतो. मला घाई नाही.”